लायसोझाइमचा सेमिनार: आकृती पाठ आहे, पण दोन पुस्तकांत दोन गोष्टी लिहिल्यात

खानापूरचा_बीएस्सी

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीपासून सगळं इंग्रजीत. आता बेळगावात बीएस्सी करतोय, रोज बसनं ये-जा. बायोकेमिस्ट्रीत सेमिनारला विषय मिळालाय: अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं लायसोझाइम हे एन्झाइम (म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन), त्याची स्फटिकरचना आणि काम.

पाठांतर झालंय. १२९ अमिनो आम्लं, चार डायसल्फाइड बंध, ३५ व्या जागेवरचं ग्लुटामिक आम्ल म्हणजे ग्लू-३५, ५२ व्या जागेवरचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल म्हणजे अ‍ॅस्प-५२, साखरा बसायच्या ए ते एफ अशा सहा जागा. पण मराठीत विचार करायला बसलो की हातात काहीच राहत नाही. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली जी गोष्ट दिसतच नाही, तिच्यातला कुठला अणू कुठं बसलाय हे कुणी आणि कसं ठरवलं? सर म्हणतात ते जंतूची भिंत कातरतं. म्हणजे अडकित्त्यासारखं का? त्यात दोन पुस्तकांत दोन गोष्टी. एकात लिहिलंय की साखर तुटताना मधे धनभार असलेला कार्बन तयार होतो आणि अ‍ॅस्प-५२ त्याला नुसता आधार देतं. दुसऱ्यात लिहिलंय की अ‍ॅस्प-५२ साखरेशी सरळ बंधच जोडतं. फळ्यावर कुठलं काढू?

आणि आज्जीला विषय सांगितला तर ती म्हणाली, "जंतू मारतंय म्हणतोस, मग अंडी नासतात कशी रे?" तिलाही काहीतरी सांगायला पाहिजे.

---

टिळकवाडीकर

सेमिनारचं माहीत नाही गड्या, पण भाजलं की पांढरा बलक लावायचा हे आमच्या घरी तीन पिढ्या चालत आलंय. ते याच्यामुळंच असणार. आज्जीला सांग, पुरावा मिळाला म्हणून.

---

शहापूरची_अक्का

टिळकवाडीकर, तुमचा विषय आधी संपवते कारण तो धोक्याचा आहे. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो आणि साल्मोनेलापुढे एकट्या लायसोझाइमचं काही चालत नाही. भाजलं तर गार वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि दवाखाना गाठायचा. अंडं कढईतच बरं.

आता खानापूरकरा, तुझ्याकडं येते. मी बेळगावात एका कॉलेजात बायोकेमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं घेत आले. थिअरी दुसरे शिकवायचे, माझ्या वाट्याला बफर, पिपेट आणि पोरांनी फोडलेल्या टेस्टट्यूबा. त्यामुळं हातानं जे केलंय तिथूनच सांगते.

लायसोझाइमचं काम बघायला आकृती लागत नाही. मायक्रोकॉकस नावाच्या जंतूच्या वाळवलेल्या पेशींची पूड विकत मिळते. ती फॉस्फेट बफरमध्ये कालवली की गढूळ पांढरं पाणी होतं. ते क्युव्हेटमध्ये, म्हणजे छोट्या पारदर्शक चौकोनी नळीत, घालून स्पेक्ट्रोफोटोमीटरला (किती उजेड अडतो ते मोजणाऱ्या यंत्राला) ४५० नॅनोमीटरवर ठेवायचं आणि भरपूर पातळ केलेल्या पांढऱ्या बलकाचा थेंब त्यात सोडायचा. काट्याची मशीन असेल तर काटा, नसेल तर आकडा, उतरायला लागतो. क्युव्हेट काढून वहीच्या पानासमोर धरली तर मघाशी न दिसणारी अक्षरं वाचता येतात. पेशी फुटल्या, गढूळपणा गेला. एवढंच. पण हे एकदा डोळ्यांनी बघितलेला पोरगा "लायसिस म्हणजे काय" या प्रश्नाला आयुष्यात अडत नाही. तुमच्या कॉलेजात ती पूड असेल तर सेमिनारच्या आधी हे करून घे, मग पीपीटी.

अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९२१ साली लंडनमध्ये जवळपास हेच बघितलं. त्याला सर्दी झाली होती. नाकातला शेंबूड त्यानं जंतू वाढवायच्या थाळीवर टाकला आणि शेंबडाच्या आजूबाजूचे जंतू विरघळून गेले. १९२२ साली त्यानं ते छापलं. मग अश्रू, लाळ, जे हाताला लागेल ते तपासत सुटला. अश्रू कमी पडायला लागले तेव्हा डोळ्यांत लिंबू पिळून घेतलं, दुसऱ्यांच्याही. अंड्याच्या पांढऱ्या बलकात हा माल भरपूर आहे हेही त्यालाच कळलं. पेनिसिलिनची थाळी त्यानंतरची, १९२८ सालची. लायसोझाइमचं पेनिसिलिनसारखं औषध काही झालं नाही, कारण जे जंतू माणसाला खरोखर लोळवतात त्यातल्या बऱ्याच जणांना ते लागूच पडत नाही.

इथंच तुझ्या आज्जीचा प्रश्न येतो, आणि खरं सांगू, तो तुझ्या सेमिनारच्या विषयापेक्षा भारी आहे.

जंतूच्या पेशीत आत खूप दाब असतो. बाहेरचं पाणी सारखं आत घुसायला बघतं. पेशी फुटत नाही ती तिच्या भिंतीमुळं. ही भिंत पेप्टिडोग्लायकनची. त्यात दोन साखरा आलटून पालटून येतात, नॅग (एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसामाइन) आणि नॅम (एन-अ‍ॅसिटिल म्युरामिक आम्ल). त्यांच्या लांबच लांब साखळ्या आणि त्या साखळ्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे तुकडे. लायसोझाइम नॅमचा पहिला कार्बन आणि पुढच्या नॅगचा चौथा कार्बन यांच्यामधला दुवा तोडतं. पुरेसे दुवे तुटले की भिंत ढिली पडते, पाणी आत शिरतं आणि पेशी फुटते.

ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंत ही भिंत बाहेरच्या बाजूला उघडी असते, त्यामुळं लायसोझाइमला ती मिळते. ग्राम-निगेटिव्ह जंतूंत ती पातळ असते खरी, पण तिच्यावर आणखी एक पडदा असतो. लायसोझाइमचा रेणू १४,३०० डाल्टनचा, तो त्या पडद्यातून आत जाऊ शकत नाही. आणि अंडी नासवणारे बहुतेक जंतू, स्यूडोमोनास वगैरे, ग्राम-निगेटिव्हच असतात. म्हणून अंडं नासतं, आज्जीचं बरोबर आहे.

पण अंडं लगेच नासत नाही हेही तिला सांग. पांढऱ्या बलकात लायसोझाइम एकटं नसतं. ओव्होट्रान्सफेरिन लोह धरून ठेवतं, त्यामुळं जंतूंना लोह मिळत नाही. अ‍ॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवतं. शिवाय अंडं ठेवून दिलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचातून निघून जातो आणि पांढऱ्या बलकाचा पीएच ९ च्या वर चढतो, तो जंतूंना सोसत नाही. पिवळ्या बलकाभोवती राखण आहे, पण एकट्या शिपायाची नाही.

ग्राम-पॉझिटिव्ह म्हणजे मेलाच असंही सरसकट लिहू नकोस. स्टॅफिलोकॉकस ऑरियस ग्राम-पॉझिटिव्ह आहे, तरी लायसोझाइमला दाद देत नाही. तो आपल्या नॅम साखरेवर एक अ‍ॅसिटिल गट चिकटवून ठेवतो आणि मग ती साखर लायसोझाइमच्या खाचेत नीट बसत नाही. परीक्षक ग्राम-निगेटिव्हवर विचारतील तेव्हा हे सांग, खूश होतील.

आता अणू कुठं बसलेत ते कसं कळलं. सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही याचं कारण भिंग कमी ताकदीचं आहे हे नव्हे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. अणू एकमेकांपासून एक-दोन अँगस्ट्रॉमवर असतात आणि डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी ४,००० ते ७,००० अँगस्ट्रॉम. एवढ्या लांब लाटेला तेवढी बारीक गोष्ट जाणवतच नाही. क्ष-किरणांची चालते, तांब्याच्या नळीतून निघणाऱ्या किरणांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम. पण एका रेणूवरून परतणारं इतकं कमी असतं की हाती काही लागत नाही. म्हणून स्फटिक पाहिजे: अब्जावधी रेणू, सगळे रांगेत, सगळ्यांची तोंडं ठरलेल्या दिशांना. मग त्यांच्यावरून विखुरलेले किरण ठरावीक जागी एकमेकांना बळ देतात आणि फिल्मवर ठिपके उमटतात.

ठिपके किती गडद ते मोजता येतं. पण प्रत्येक ठिपक्यातली लाट कुठल्या टप्प्यावर होती हे फिल्म सांगत नाही, आणि त्याशिवाय चित्र बनत नाही. त्यावर तोड अशी की स्फटिकात पारा, युरेनियम असले जड अणू मुरवायचे, पुन्हा ठिपके घ्यायचे आणि फरकावरून ते टप्पे काढायचे. अंड्याचं लायसोझाइम या सगळ्याला सोन्यासारखं, कारण त्याचे स्फटिक सहज होतात. अब्राहम आणि रॉबिन्सननी १९३७ सालीच केले होते. १९४६ साली आल्डर्टन आणि फेव्होल्ड यांनी तर पांढऱ्या बलकातच ५ टक्के मीठ घालून, पीएच ९.५ च्या आसपास ठेवून, विरजणाला थोडे जुने स्फटिक टाकून थेट काढले.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्सच्या गटानं १९६५ साली २ अँगस्ट्रॉमपर्यंतची रचना छापली. एखाद्या एन्झाइमची अशी रचना जगात पहिल्यांदा कळली ती ही. त्याआधी मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिनवर काम झालं होतं, पण ती दोन्ही ऑक्सिजन साठवणारी नाहीतर त्याची ने-आण करणारी, काही तोडणारी-जोडणारी नव्हेत. त्या निबंधावरच्या नावांत सर्मा हे भारतीय नावही आहे, बघ. अमिनो आम्लांचा क्रम १९६३ सालीच पॅरिसमध्ये जोलेस यांच्याकडं आणि अमेरिकेत कॅनफिल्डकडं निघाला होता, त्यामुळं नकाशात दिसणारी साखळी कुठली कुठं जाते हे लावता आलं. आणि त्याच १९६३ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन यांच्या गटानं साखळीला कुठले कोन जमतात त्याचा आलेख काढला. आजही कुठल्याही प्रथिनाचं मॉडेल त्या आलेखावर तपासतात. हे तुझ्या पीपीटीत असू दे, आपल्या देशातलं आहे.

चित्रात दिसलं काय? साधारण ४५ बाय ३० बाय ३० अँगस्ट्रॉमचा लांबट गोळा आणि त्याच्या एका अंगाला खोल खाच. खाचेच्या एका बाजूचा भाग बहुतेक हेलिक्सचा, म्हणजे साखळीच्या स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांचा, दुसऱ्या बाजूला बीटा-शीट, म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या पट्ट्या. खाच बघितल्यावर कुणीही म्हणेल, साखर इथंच बसत असणार. पण "असणार" म्हणून भागत नाही. इथं लुईस जॉन्सनचं काम वाच. त्या तेव्हा तिथं डॉक्टरेट करत होत्या. प्रथिनाचा स्फटिक दगडासारखा भरीव नसतो, त्यात बरंच पाणी आणि पाण्याच्या वाटा असतात. त्या वाटांनी तीन नॅगची छोटी साखळी त्यांनी आत मुरू दिली आणि पुन्हा क्ष-किरण घेतले. साखळी खाचेच्या वरच्या अर्ध्या भागात बसलेली दिसली. त्या तीन जागा म्हणजे ए, बी, सी.

पुढचं निव्वळ तर्कानं आहे आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. खाच अजून खाली जाते, म्हणून मॉडेलवर आणखी तीन साखरा बसवून बघितल्या: डी, ई, एफ. आता कापतं कुठं? सी या जागेत एवढी अडचण आहे की नॅमचा जादा गट तिथं मावत नाही. म्हणजे भिंतीची साखळी बसली की नॅम बी, डी आणि एफला येणार, नॅग ए, सी आणि ईला. तुटतो तो नॅमनंतरचा दुवा. म्हणजे एक तर बी-सीमधला नाहीतर डी-ईमधला. पण ए-बी-सीत बसलेली ती तीन नॅगची साखळी न तुटता निवांत बसून होती, म्हणून बी-सी बाद. राहिला डी-ई. आणि डी-ईच्या अगदी शेजारी, खाचेच्या दोन काठांवर, समोरासमोर कोण? ग्लू-३५ आणि अ‍ॅस्प-५२. हे फळ्यावर असंच पायरीपायरीनं मांड. कुणाला काही पाठ करावं लागणार नाही.

दोन्हीही आम्लच, दोघांकडं कार्बोक्झिल गट, मग एक प्रोटॉन देणारं आणि एक न देणारं असं का? शेजार. ग्लू-३५ च्या आजूबाजूला पाणी नको असलेली मंडळी आहेत, तिथं ऋणभार सोसवत नाही, म्हणून ते पीएच ५ लाही आपला प्रोटॉन धरून असतं. अ‍ॅस्प-५२ च्या आजूबाजूला ध्रुवीय गट आहेत, त्यामुळं ते प्रोटॉन सोडून ऋणभारित बसलेलं असतं.

आता तुझी दोन पुस्तकं. पहिलं फिलिप्सचं म्हणणं देतंय. ग्लू-३५ दुव्यातल्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतं, दुवा तुटतो, डीमधल्या साखरेच्या कार्बनवर धनभार येतो, समोरचं अ‍ॅस्प-५२ ऋणभारानं त्याला सांभाळतं, मग पाणी येऊन काम पुरं करतं. दुसरं पुस्तक कोश्लंडचं म्हणणं देतंय, आणि ते मुळात १९५३ सालचं, म्हणजे रचना दिसायच्या आधीचं. कोश्लंड म्हणाला की असल्या ज्या एन्झाइममध्ये तुटलेल्या साखरेच्या पहिल्या कार्बनवरच्या बंधाची बाजू शेवटी जशीच्या तशी राहते, तिथं ती मधे एकदा उलटून पुन्हा उलटलेली असली पाहिजे. म्हणजे मधे एन्झाइमशी खराखुरा बंध.

चित्र हातात असल्यामुळं लोकांनी वर्षानुवर्षं फिलिप्सचं उचलून धरलं. निकाल लागला २००१ साली. कॅनडातल्या विदर्स आणि इंग्लंडमधल्या डेव्हिस यांच्या गटांनी पहिली पायरी चालू राहील पण दुसरी अडेल अशी सोय केली: साखरेवर फ्लोरिन बसवला, ग्लू-३५ च्या जागी ग्लुटामिन घातलेलं एन्झाइम घेतलं. एन्झाइमच्या रेणूचं वजन केलं तर त्याला साखर चिकटलेली. स्फटिक करून बघितलं तर अ‍ॅस्प-५२ आणि साखरेच्या पहिल्या कार्बनमध्ये बंध. म्हणून फळ्यावर दुसऱ्या पुस्तकातलं काढ. पण फिलिप्सला पूर्ण खोडू नकोस. डीमधल्या साखरेला आपला खुर्चीचा आकार मोडावा लागतो हे त्यांचं खरं ठरलं, आणि बंध तुटताना-जुळताना धनभारासारखी अवस्था येऊन जाते हेही खरं. ती तिथं मुक्कामाला नसते, एवढंच.

यातून मी पोरांना नेहमी एक सांगत आले. रचनेनं जागा दाखवली. त्या जागेत काय घडतं ते रचना सांगत नाही. छत्तीस वर्षं सगळ्यांच्या समोर तेच चित्र होतं.

तुझा अडकित्ता म्हणशील तर चालेल, पण जपून. अडकित्त्याला हाताचा जोर लागतो, इथं जोर लावणारं कुणी नाही. आणि अडकित्ता सुपारीला चिकटत नाही. इथलं एक पातं प्रोटॉन देऊन मोकळं होतं, दुसरं अर्ध्या साखळीला धरून बसतं, आणि पाणी येऊन सोडवेपर्यंत पुढचं काम अडतं.

---

निपाणीचा_पोल्ट्रीवाला

अक्का, नमस्कार. रेणूतलं मला कळत न्हाई, पण अंडी नासायचं आमच्याकडं रोजचं आहे. पावसाळ्यात तुसावर ओल आली की अंडी लई खराब होत्यात. गिऱ्हाईक म्हणतंय घाणेरडी दिसत्यात, धुऊन द्या. धुऊन दिली की दोन दिवसांत तक्रार. तुमचं ते लायसोझाइम धुऊन जातंय का काय?

---

शहापूरची_अक्का

अण्णा, लायसोझाइम आत आहे, ते धुतलं जात नाही. धुतलं जातं ते कवचावरचं पातळ आवरण. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि ताज्या अंड्यात ती त्या आवरणानं बुजलेली असतात. ते गेलं की वाट मोकळी. त्यात गार पाण्यात बुडवलं तर आतला माल आकसतो आणि बाहेरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. त्या पाण्यात असतात ते बहुतेक ग्राम-निगेटिव्ह जंतू, आणि त्यांना लायसोझाइमची भीती नाही.

कोरड्या फडक्यानं पुसा, तूस बदलत राहा. धुवायचंच झालं तर अंड्यापेक्षा कोमट पाणी घ्या, लगेच कोरडं करा आणि गिऱ्हाइकाला सांगा की फ्रिजमध्ये ठेवा, लवकर संपवा. गिऱ्हाईक ऐकत नाही हे मला माहीत आहे.

---

खानापूरचा_बीएस्सी

अक्का, बी-सी बाद करून डी-ई ठरवायचं ते एकदम डोक्यात बसलं. आज्जीलाही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पांघरूण घेतलेल्याला काही होत नाही."

आता हाव सुटलीय. सेमिनारला स्फटिक करून दाखवता येईल का? आमच्या लॅबमध्ये लायसोझाइमची बाटली आहे. सेंट्रिफ्यूज आहे, पण तो चालू केला की सगळं टेबल थरथरतं.

---

शहापूरची_अक्का

तुझ्या आज्जीला माझा नमस्कार सांग.

होतील स्फटिक. अंड्यातून काढायच्या भानगडीत आता पडू नकोस. ते सोपं आहे तसं: पांढऱ्या बलकातली बाकीची बहुतेक प्रथिनं साध्या पीएचला ऋणभारित आणि लायसोझाइम धनभारित, कारण त्याचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो तो, ११ च्या जवळ. म्हणून ऋणभारित रेझिनच्या कॉलमला ते एकटंच चिकटतं. पण आठवड्यात सेमिनार असेल तर बाटलीतलीच पूड घे.

सोडियम अ‍ॅसिटेटचं बफर कर, पीएच ४.५. त्यात लायसोझाइम मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळव. ढवळताना फेस करू नकोस, फेसात प्रथिनं बिघडतात. दुसऱ्या भांड्यात त्याच बफरमध्ये मीठ, ५ ते ८ टक्क्यांच्या मधली चार-पाच वेगवेगळी प्रमाणं. मीठ लॅबच्या बाटलीतलं. घरच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून दुसरं काहीबाही घातलेलं असतं, ते त्रास देतं.

छोट्या खळग्यात मिठाचं पाणी घाल. कव्हरस्लिपवर लायसोझाइमचा एक थेंब आणि खळग्यातल्या पाण्याचा तेवढाच थेंब एकत्र कर, कव्हरस्लिप उलटी करून खळग्यावर ठेव, कडेला व्हॅसलीन लावून हवा बंद कर. थेंबात मीठ निम्मं, खाली पूर्ण. म्हणून थेंबातलं पाणी हळूहळू वाफेनं खाली जातं आणि लायसोझाइमला विरघळून राहणं अवघड होत जातं. घाई झाली तर नुसता साका बसतो, बेतानं झालं तर स्फटिक. मिठाची चार-पाच प्रमाणं घ्यायची ती यासाठीच. सेंट्रिफ्यूजच्या टेबलावर अजिबात ठेवू नकोस, खिडकीजवळही नको. कपाटात ठेव आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नकोस. तुमच्यातला एक तरी दर तासाला काढून बघणार, त्याला आधीच दम दे.

सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ कडा असलेले, टोकं तासल्यासारखे खडे दिसतील. ही टेट्रागोनल जात. तिच्या एका एकक पेटीत, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ठोकळ्यात, आठ रेणू, पेटीच्या दोन बाजू ७९ अँगस्ट्रॉमच्या आणि तिसरी ३८ ची. दोन पोलराइड पट्ट्यांच्या मधे धरून फिरवलास तर खडे उजळतात आणि विझतात.

ते मिठाचे नाहीत कशावरून, असं कुणीतरी नक्की विचारणार. मिठाचा खडा पोलराइडमध्ये उजळत नाही, ही एक खूण. दुसरी म्हणजे सुई. मिठाचा खडा सुईनं दाबला तर कड्कन मोडतो, हाताला कळतं. लायसोझाइमचा खडा हलकेच दाबला तरी भुगा होतो, आवाज नाही काही नाही, कारण आत एवढं पाणी आणि रेणूंनी एकमेकांना धरलेलं अगदी थोड्या ठिकाणी. पण सुई शेवटी लाव, आणि सगळ्यात वाईट खड्याला लाव. थेंब उघडा ठेवलास तरी स्फटिक वाळून तडकतात. मागे क्ष-किरणवाले स्फटिक बारीक काचेच्या नळीत त्याच्याच पाण्याच्या थेंबासकट बंद करायचे ते म्हणूनच.

---

बेंगळूरवासी_बेळगावकर

मूळचा अनगोळचा, सध्या आयटीत. अक्कांचं सगळं वाचलं, मस्त. पण एक शंका. आता एआय अमिनो आम्लांच्या क्रमावरून मिनिटांत आकार सांगतं. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं. मग या पोराला व्हॅसलीन आणि कव्हरस्लिपात का अडकवताय?

---

शहापूरची_अक्का

आकार सांगतं, आणि छान सांगतं. माझं काही भांडण नाही. पण ते शिकलं कशावर? लोकांनी स्फटिक करून करून साठवलेल्या रचनांवर. प्रोटीन डेटा बँक १९७१ साली सुरू झाली, त्यात लायसोझाइमच्या शेकड्यांनी रचना आहेत. नोबेल मिळालं ते हॅसाबिस आणि जम्पर यांना आकार ओळखण्याबद्दल, बेकर यांना नवीन प्रथिनं घडवण्याबद्दल. यातल्या कुणी स्फटिकवाल्यांना घरी बसा म्हटलेलं नाही.

आणि मी वर सांगितलं तेच पुन्हा. १९६५ साली लायसोझाइमचा आकार हातात होता, अंदाजाचा नव्हे, मोजलेला. तरी मधे बंध होतो की नाही ते ठरवायला फ्लोरिनची साखर बनवावी लागली आणि ग्लू-३५ बदलावं लागलं. आकार फुकट मिळाला तर तुमचं पहिलं काम वाचलं. दुसरं तसंच शिल्लक.

शिवाय नवीन मशीन तपासायला अजून लायसोझाइमच घेतात. क्ष-किरणांच्या लेझरनं बारीक बारीक स्फटिकांच्या फवाऱ्यावरून अणूपर्यंतची रचना मिळते का, हे अमेरिकेत बघितलं तेव्हा पुढं केलं अंड्याचं लायसोझाइम. तो निबंध २०१२ सालचा. सगळ्यांना त्याचं उत्तर माहीत आहे म्हणूनच घेतात.

---

वडगावची_सूनबाई

विषय थोडा वेगळा आहे, पण इथंच विचारते. आमच्याकडं सगळे शुद्ध शाकाहारी. मुलीनं परदेशी चीज आणलंय, पाकिटावर बारीक अक्षरात ई ११०५ लिहिलंय. गुगलवर लायसोझाइम आलं आणि मग हा धागा सापडला. म्हणजे यात अंडं आहे का?

---

शहापूरची_अक्का

होय, ई ११०५ म्हणजे लायसोझाइम आणि खाण्यात वापरतात ते कोंबडीच्या अंड्यातूनच काढलेलं असतं. मुरवायच्या चीजमध्ये क्लोस्ट्रिडियम नावाचा एक ग्राम-पॉझिटिव्ह जंतू राहिला तर महिन्यांनी आत वायू धरतो आणि चीज फुगून तडकतं. तो आवरायला घालतात. इटलीच्या ग्राना पादानोत चालतं, पार्मिजानो-रेजानोत घालायला बंदी आहे. पण दुसऱ्यात वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं, आणि पहिल्यातही, तेव्हा तुमच्या घरी दोन्ही चालायची नाहीत.

घरात कुणाला अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर हा नंबर लक्षात ठेवा, ती जास्त महत्त्वाची गोष्ट आहे.

---

खानापूरचा_बीएस्सी

अक्का, ६ टक्क्यांच्या खळग्यात स्फटिक आलेत. ८ टक्क्यांत नुसता पांढरा साका. सर म्हणतात, साका पण दाखव.

---

शहापूरची_अक्का

सरांचं ऐक. ७ टक्क्यांचं काय झालं ते लिहिलं नाहीस.